टाउनहॉलमध्ये ‘मोकळेपणाने बोला’ सांगितलंय, नक्की काय बोलू?

वाशिष्ठीकाठ:

नमस्कार मंडळी. लोट्याच्या एमआयडीसीत एका मोठ्या केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे, १२ वर्षं झाली, राहायला चिपळूण. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि कृपया कोणी अंदाज पण लावू नका.

पुढच्या महिन्यात मुंबईहून नवीन एमडी येणार आहेत. प्लांटवर पहिल्यांदाच टाउनहॉल ठेवलाय आणि प्रत्येक डिपार्टमेंटमधून एकाने पाच मिनिटं बोलायचं, विषय दिलाय ‘कामाचं वातावरण आणि लीडरशिप कशी सुधारता येईल’. प्रॉडक्शनमधून माझं नाव गेलंय. प्लांट हेडनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मोकळेपणाने बोल, घाबरायचं काही कारण नाही, आणि मी उठलो तेव्हा म्हणाले काय बोलणार ते आधी मला मेल कर.

गेले पंधरा दिवस लॉकर रूममध्ये रोज कोणीतरी गाठतो. एक म्हणतो ओटीचं (ओव्हरटाइमचं) बोल, दुसरा म्हणतो बसचं बोल, परशुराम घाटात खोळंबा झाला की अर्धा दिवस कापतात त्याचं बोल, कोणी म्हणतो अप्रेझलमध्ये मार्क आधी ठरतात मग चर्चा होते ते सांग, कोणी म्हणतो गणपतीच्या रजेचं काढ. सगळं खरं आहे. पण पाच मिनिटांत हे सगळं ओतलं तर रडगाणं वाटेल आणि हाती काहीच लागणार नाही, ही भीती आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त जे खटकतं ते सांगतो. आमच्याकडे नियर-मिस कार्ड आहे, म्हणजे अपघात होता होता वाचला किंवा काही धोक्याचं दिसलं तर लिहून पेटीत टाकायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या शिफ्टच्या एका ऑपरेटरने कार्ड भरलं, ट्रान्सफर पंपाच्या डिस्चार्जच्या फ्लँजला, म्हणजे पाइपच्या जोडाला, थेंब थेंब गळतंय म्हणून. गॅस्केट (जोडातलं सील) त्याच संध्याकाळी बदललं, ते खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन विचारलं की लेखी कशाला दिलं, तोंडी सांगता आलं नसतं का, आणि तू त्या वेळी तिथे करत काय होतास. पोरगा चांगला, कामाला एक नंबर. मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतर माझ्या शिफ्टमधून आजपर्यंत एक कार्ड गेलेलं नाही. आणि मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहात स्क्रीनवर ग्राफ दाखवला, नियर-मिस इतके कमी झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या आणि ते मला अजून टोचतं.

ती पेटी पंचिंग मशीनच्या बाजूला भिंतीवर आहे. कुलूप गंजून गेलंय, चावी कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. फटीतून बॅटरी मारून बघितलं तर आत कार्डं दिसतात, दोन पावसाळ्यांची ओल लागून एकमेकांना चिकटून लगदा झालाय.

हे बोलू का? आणि आधी मेल करू की नको? घरी दोन मुलं आहेत, होमलोन आहे, त्यामुळे उगाच हिरोगिरीचा सल्ला नको.

जुनाफोरमन:

वाशिष्ठीकाठ, पोस्ट दोनदा वाचली. रोह्याला धाटाव एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी आहे, गावाला सुपारी बघतो. तुमच्या त्या ऑपरेटरचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला कारण असे चार-पाच मी पाहिलेत. एकदा माणूस चारचौघांत असा उभा केला की नुसता तोच नाही, त्याच्या आजूबाजूचे दहा जण गप्प होतात आणि ते गप्प झालेले कोणाच्या लक्षात पण येत नाही, कारण काम चालूच राहतं.

लीडरशिप म्हणजे काय हे मला विचाराल तर मी गणपतीच्या रजेवरून सांगेन. कोकणात प्लांट चालवायचा म्हणजे हीच खरी परीक्षा. अखंड चालणारा प्लांट, बंद करता येत नाही, आणि ऐंशी टक्के माणसाला घरी गणपती. बऱ्याच ठिकाणी काय होतं, सगळे अर्ज टाकतात, साहेब आदल्या दिवसापर्यंत दाबून ठेवतात आणि मग कोणाची मंजूर कोणाची नामंजूर, त्यातून वर्षभराचं वैर. आमच्याकडे एक सुपरिंटेंडंट आले, घाटावरचे होते, त्यांनी आषाढातच कॅन्टीनमध्ये एक मोठा कागद लावला. चार रकाने. दीड दिवसाचा, गौरीबरोबर जाणारा, अनंत चतुर्दशीचा, आणि ज्यांच्याकडे गणपती नाही. म्हणाले तुमची घरं तुम्हाला माहीत, आपापसात बसून शिफ्टा लावा, प्रत्येक शिफ्टला अमुक माणसं हवीत एवढीच माझी अट. आणि चतुर्थीच्या रात्रपाळीला त्यांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

पहिल्या वर्षी भांडणं झाली, खोटं नाही सांगत. दुसऱ्या वर्षापासून बसलं. दीड दिवसवाले विसर्जन करून तिसऱ्या दिवशी हजर व्हायचे आणि गौरीवाल्यांना सोडायचे. आमच्यातले मुसलमान दोस्त चतुर्थीचे दोन दिवस उचलायचे, ईदला आम्ही त्यांच्या जागी उभे राहायचो, कोणाला सांगावं लागायचं नाही. ते साहेब गेल्यावरही तो कागद बरीच वर्षं लागत होता. कोणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, कुठे कल्चर नावाचा बोर्ड नव्हता. माणसांना लवकर विचारलं, खरं विचारलं आणि स्वतः त्यात उभा राहिला, एवढंच.

मेल करू नका असं माझं मत. आधी दिलंत की त्यातलं मीठ काढून घेतील.

लॅबवाली महाड:

मी महाड एमआयडीसीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) आहे, वेगळी कंपनी. तुम्ही सर्व्हेबद्दल काही लिहिलं नाही पण तुमच्याकडेही असणारच म्हणून लिहिते. आमच्याकडे गेल्या वर्षी क्यूआर कोड लावून सर्व्हे घेतला, वर मोठ्या अक्षरात ‘तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील’. पहिले प्रश्न काय तर डिपार्टमेंट कोणतं, स्त्री की पुरुष, वय किती, कंपनीत किती वर्षं. क्यूसीमध्ये आम्ही मुली तीनच आणि पंचवीस ते तीसमध्ये मी एकटी. म्हणजे नाव लिहिलं नाही एवढंच, बाकी सगळं माझंच. मी सगळीकडे ‘समाधानी’ टाकून मोकळी झाले. माझ्या दोघी मैत्रिणींनी पण तेच केलं हे आम्हाला नंतर डबा खाताना कळलं, तिघींनी एकमेकींना न विचारता.

आणि आम्हाला सांगायचं होतं ते काही एवढं भयंकर नव्हतं हो. प्लांटच्या त्या टोकाला सॅम्पल घ्यायला जायचं तर तिकडे लेडीज टॉयलेट नाही, पूर्ण मागे ॲडमिन बिल्डिंगला यावं लागतं, पावसात रेनकोट घालून पाऊण किलोमीटर. दुपारची शिफ्ट सुटल्यावर बस हायवेला सोडते, गावात आत येत नाही, रात्रीचे साडेअकरा झालेले असतात आणि वडील टॉर्च घेऊन उभे असतात. हे कोणी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. सर्व्हेत प्रश्न होता की ‘संस्थेच्या दूरदृष्टीशी तुम्ही स्वतःला किती जोडलेले समजता’, एक ते पाच. तो पण इंग्लिशमध्ये, पॅकिंगच्या बायका माझ्याकडे येऊन विचारत होत्या ताई कुठे टिक करू.

त्यामुळे तुम्ही बोलाल तेव्हा एवढं नक्की मांडा की प्रश्न मराठीत हवेत आणि दहाच्या खालचा गट असेल तर त्याचा रिझल्ट वेगळा काढायचा नाही. चांगल्या एजन्सीज हे पाळतात, मागितलं तर मिळतं.

सेफ्टीवाला रत्नागिरी:

सेफ्टी ऑफिसर आहे म्हणून थोडं लांबेल, पण हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

सगळ्यात आधी त्या ग्राफबद्दल. नियर-मिसची नोंद कमी होणं ही दर वेळी चांगली बातमी नसते, बऱ्याचदा उलट असतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देण्यातल्या चुकांचा. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. शोधत गेल्यावर लक्षात आलं की तिथले लोक चूक झाली तर उघड बोलतात, बाकीच्या ठिकाणी लपवतात. पुढे १९९९ साली त्यांनी यावर जो पेपर लिहिला तो आज बऱ्याच मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तुमच्या एमडींनी तो ऐकलेला असण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून ग्राफचं हे उदाहरण त्यांना लगेच कळेल.

दुसरं, हे बोलणं म्हणजे उपकार मागणं नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. भोपाळ २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालं. पण तिथे डिसेंबर १९८१ मध्येच फॉस्जीन या विषारी वायूच्या गळतीत एक कामगार गेला होता, राजकुमार केसवानी नावाचे स्थानिक पत्रकार १९८२ पासून लिहून सांगत होते की हे शहर धोक्यात आहे. ऐकलं नाही. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरणच घातलं. त्यातल्या ४१ जी मध्ये सुरक्षा समिती, मॅनेजमेंट आणि कामगार दोन्हीकडचे समसमान प्रतिनिधी. ४१ एच मध्ये तर स्पष्ट आहे की जिवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार मालकाला किंवा मॅनेजरला कळवू शकतो आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, कलमांचे नंबर बदलले, पण हा हक्क तिथेही आहे. हे टाउनहॉलमध्ये कलम वाचून दाखवायला सांगत नाहीये, तसं केलंत तर समोरचा लगेच बचावात जाईल. तुमच्या मनात असू द्या, बोलताना आवाज स्थिर राहतो.

तिसरं शिफ्ट हँडओव्हर. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्याचा परमिटचा (दुरुस्तीच्या परवानगीचा) कागद रात्रीच्या शिफ्टपर्यंत नीट पोचला नाही, रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून हा चालू केला. १६७ माणसं गेली. मी दर टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्यात, हे सांगतो. माणसं एकमेकांशी किती मोकळी बोलतात याचा प्लांटमध्ये थेट जिवाशी संबंध आहे. ऑफिसमध्ये बोलणं बंद झालं तर प्रोजेक्ट फसतो, आपल्याकडे बोलणं बंद झालं तर रिॲक्टर गरम होतो.

म्हणून माझं म्हणणं, पेटीचंच बोला. दुसरं काही नको.

गुहागरकर ठाण्यात:

मी एचआरमध्ये आहे, ठाण्याला, पंधरा वर्षं. मूळ गाव गुहागर तालुक्यात, वडील अशाच एका प्लांटवर ऑपरेटर होते म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

जुनाफोरमन काकांचा अनुभव मोठा आहे पण मेल न करण्याबद्दल मी सहमत नाही. वाशिष्ठीकाठ, तुम्हाला त्याच माणसाच्या हाताखाली दुसऱ्या दिवशी पुन्हा काम करायचंय. नवीन एमडीसमोर, अख्ख्या प्लांटसमोर पेटीचा विषय काढलात आणि प्लांट हेडना तो तिथे पहिल्यांदा कळला तर ते काहीही करून तुमचं म्हणणं खोटं पाडायच्या मागे लागतील. मी असं झालेलं बघितलंय. खरं बोलणारा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या युनिटला गेला आणि ज्या गोष्टीसाठी बोलला ती तिथेच राहिली. त्यापेक्षा आधी भेटा, मेल नाही, समोरासमोर, आणि सांगा की साहेब मी हे बोलणार आहे, त्याआधी पेटी उघडली तर मला स्टेजवर सांगता येईल की उघडली. त्यांना चांगलं दिसायची एक संधी द्या. घेतली तर सगळ्यांचं भलं. नाही घेतली तर मग तुम्ही बोलाच, आणि तेव्हा तुमच्याकडे हेही असेल की मी आधी सांगितलं होतं.

आता सर्व्हेचं. लॅबवाली ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. आतली गोष्ट सांगते. सर्व्हे संपला की वीस-पंचवीस स्लाइडचं प्रेझेंटेशन होतं, वर मॅनेजमेंटला एक तास मिळतो, त्यातली पन्नास मिनिटं स्कोअर गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला यावर जातात. मोकळ्या जागेत लोकांनी आपल्या भाषेत जे लिहिलेलं असतं, खरा जीव त्यात असतो, ते शेवटच्या स्लाइडवर आणि तिथपर्यंत वेळ संपतो. मी स्वतः अशी प्रेझेंटेशन बनवलीत. दोन वर्षांपूर्वी मी भांडून एक बदल करून घेतला, की नवीन सर्व्हे सुरू करण्याआधी मागच्या वेळी लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय केलं, काय करणार नाही आणि का नाही, हे एका पानावर मराठीत लिहून प्रत्येक नोटीस बोर्डवर लावायचं. ‘करणार नाही’ हा भाग लिहायला सगळे घाबरत होते. लोकांना सगळ्यात जास्त आवडला तोच भाग. एकाने मला सांगितलं की मॅडम, नाही म्हणालात ते चाललं, निदान कोणीतरी वाचलं ते कळलं.

माणसं गप्प असतात ती मत नाही म्हणून नव्हे, मागच्या वेळी बोलले त्याचं उत्तर आलं नाही म्हणून. तुमच्या पाच मिनिटांत एमडींकडे एकच मागा, की टाकलेल्या प्रत्येक कार्डाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर, आणि ते उत्तर पेटीच्या बाजूलाच लावायचं.

जुनाफोरमन:

गुहागरकर ताई, तुमचं पटलं. आधी भेटून सांगणं वेगळं आणि भाषण तपासायला देणं वेगळं, मी दोन्ही एकच धरलं होतं. वाशिष्ठीकाठ, ताई म्हणतात तसं करा.

ठेक्यावरचा:

दादा तुमी सगळे परमनंटवाले बोलताय चांगलंय. आमी पण तिथंच असतो, ड्रम आमीच चढवतो, टाकीत उतरायचं तर आमीच. आमाला ते कार्ड भरायला कधी सांगितलंच नाही, सर्व्हेचा कोड पण आमच्या मोबाइलवर चालत नाही, एम्प्लॉयी नंबर मागतो. मी आठ वर्षं एकाच प्लांटवर आहे, ठेकेदार तीन बदलले, दर वेळी नवीन गेटपास म्हणजे कागदावर मी दर वेळी नवीन. गळती सगळ्यात आधी आमाला दिसते कारण खाली आमी असतो. सांगायचं कोणाला. कॅन्टीनला आमची वेळ परमनंटच्या नंतर, भाजी संपलेली असते. रागाने नाही बोलत, कोणी विचारलं नाही म्हणून लिवलं.

वाशिष्ठीकाठ:

ठेक्यावरचा भाऊ, तुमचं वाचलं आणि गप्पच बसलो. मी माझ्या शिफ्टची माणसं मोजताना तुम्हा लोकांना मोजतच नव्हतो. माझ्या शिफ्टला अकरा परमनंट आणि सतरा कंत्राटी, आणि पेटीचं सगळं बोलणं मी अकरांचंच करत होतो. हे मी टाउनहॉलमध्ये असंच सांगणार आहे.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. प्लांट हेडना सोमवारी भेटायचं ठरवलंय. भीती वाटते, पण एक गोष्ट आठवली म्हणून बळ आलं, ती लिहून ठेवतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात छातीभर पाणी होतं. फोन बंद, लाईट नाही, बहादूरशेखचा पूल खचलेला. पाणी ओसरल्यावर घोटा बुडेल एवढा चिखल, सगळ्या पांघरुणांचा तो वास. तिसऱ्या दिवशी आमचे तेव्हाचे प्रॉडक्शन मॅनेजर गमबूट घालून दारात उभे, सोबत प्लांटची चार माणसं, फावडी, ब्लीचिंग पावडर आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. काही बोलले नाहीत, फावडं उचललं आणि माझ्या आईच्या खोलीतला चिखल काढायला लागले. आई आजही दर गणपतीला त्यांना मोदक पाठवते, ते आता गुजरातला बदलून गेलेत तरी कोणाबरोबर तरी पाठवतेच. आणि त्याच महिन्याच्या पगारात सिस्टिमने आमचे चार दिवस बिनपगारी कापले, ते परत मिळायला ऑक्टोबर उजाडला, तेही त्याच साहेबांनी पाठपुरावा केला म्हणून. कंपनी तीच, महिना तोच. मला वाटतं मी एमडींना हे दोन्ही सांगायला हवं, चिखलाचंही आणि पगाराचंही, म्हणजे आम्ही फक्त तक्रार करायला उभे नाही हे कळेल. आम्हाला चांगलं कसं असतं ते माहीत आहे, बघितलंय.

सेफ्टीवाला रत्नागिरी:

हेच बोला. असंच. कागदावर लिहून वाचू नका.

लॅबवाली महाड:

आणि त्या ऑपरेटरला आधी विचारा. त्याची गोष्ट आहे, तो हो म्हणाला तरच सांगा, नाहीतर पुन्हा एकदा चारचौघांत उभा केल्यासारखं होईल.

वाशिष्ठीकाठ:

ताई, बरं झालं सांगितलंत, माझ्या लक्षातच आलं नसतं. उद्याच विचारतो.

वाशिष्ठीकाठ:

मंडळी, पाच आठवडे झाले, काही जणांनी विचारलं म्हणून लिहितो.

ऑपरेटरला विचारलं. दोन दिवस मागितले त्याने. मग म्हणाला सांगा, पण नाव घेऊ नका आणि साहेबांना वाईट बोलू नका, त्यांनी गॅस्केट बदललं होतं त्याच दिवशी. मला हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

प्लांट हेडना भेटलो. पहिली दहा मिनिटं वाईट गेली. म्हणाले हे डिपार्टमेंटमधलं आहे, एमडींसमोर कशाला. मी गुहागरकर ताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं की पेटी आधी उघडली तर मी उघडली असंच सांगेन. काही बोलले नाहीत. बुधवारी सकाळी पहिल्या शिफ्टला गेलो तर वर्कशॉपमधला फिटर हॅकसॉने कुलूप कापत होता आणि साहेब स्वतः बाजूला उभे होते. आतला लगदा तसाच एका ट्रेमध्ये काढला, लॅबच्या मुलींनी फिल्टर पेपरच्या मध्ये घालून एकेक कार्ड सोडवलं, पंख्याखाली दोन दिवस वाळवलं. एकूण ४१ निघाली. बॉलपेनने लिहिलेली वाचता आली, जेलपेनची शाई सगळी पसरून गेलेली. १९ वाचता आली.

टाउनहॉलमध्ये मी ती १९ कार्डं हातात घेऊन उभा राहिलो. आधी पुराचं सांगितलं, मग ग्राफचं, मग अकरा आणि सतराचं. हात थरथरत होते. एमडींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं की जी वाचता आली नाहीत त्या २२ मध्ये काय असेल. कोणाकडेच उत्तर नव्हतं, प्लांट हेडकडे नाही, माझ्याकडे नाही. थोडा वेळ सगळे तसेच बसून होते.

आता पेटीला नवीन कुलूप आहे, चावी सुरक्षा समितीच्या कामगार प्रतिनिधीकडे, दर शुक्रवारी उघडतात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मान्य झालंय. बाजूला बोर्ड लावलाय, पहिलं उत्तर लागलं ते बी प्लांटच्या मागच्या जिन्याचं, सातवी पायरी खालून गंजली होती, बदलली, तारीख आणि बदलणाऱ्याची सही. सगळे जाता येता थांबून वाचतात. गेल्या शुक्रवारी नऊ कार्डं होती, त्यात दोन कंत्राटी मुलांची. त्यांच्यासाठी कार्डावरचा एम्प्लॉयी नंबरचा रकाना काढून टाकलाय. गणपतीच्या रजेचा कागद लावायचं मी सुचवलंय, आषाढ अजून लांब आहे, तोवर मागे लागेन.

ठेक्यावरचा:

कॅन्टीनचं काय झालं दादा?

वाशिष्ठीकाठ:

नाही झालं अजून भाऊ. ॲडमिनकडे आहे म्हणतात. त्याचं कार्ड मी माझ्या नावाने टाकलंय, ९ तारखेचं आहे, २४ ला पंधरा दिवस होतात. बोर्डावर काय लागतं ते इथे कळवतो.